पाण्याला वाट

वाईला गणपती घाटावर जाऊन बसा. प्रत्यक्ष जाता आलं तर उत्तमच, नाहीतर मनाने जा. मनाला एसटीची वाट बघावी लागत नाही. दिवस आषाढातला धरा. पसरणीचा घाट ढगात बुडालेला, कृष्णा गढूळ, आणि पाऊस थांबला थांबला म्हणेपर्यंत पुन्हा सुरू होणारा. आपल्याला विचार करायचा आहे तो एका लहानशा वस्तूचा: घराबाहेर, उघड्यावर, भिंतीला टांगलेल्या कॅमेऱ्याचा. पण तिथवर सावकाश जाऊ.

आधी देऊळ पाहा. ढोल्या गणपतीचं हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं, अगदी नदीच्या अंगाला. समोरून दर्शन घेणारे पुष्कळ. तुम्ही आज मागे जा आणि गाभाऱ्याची पाठ बघा. ती भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. पुराचं पाणी तिच्यावर येऊन थडकत नाही. ते दुभंगतं, दोन्ही अंगांनी सरकतं आणि पुढे जातं. बांधणाऱ्याला नदीचा स्वभाव ठाऊक होता. पाणी येणार हे त्याने आधीच मान्य केलं आणि मग दगड रचायला घेतला. मोठ्या पुरात पाणी देवळात शिरतंही, आणि आलं तसं ओसरतं. अडीचशेहून जास्त पावसाळे असेच गेले.

या भिंतीपाशी थोडा वेळ थांबा. घाई नाही. पाण्याशी वागायच्या दोन रीती आहेत, एवढंच इथे मनात घोळवायचं. एक रीत अशी की, सगळीकडून बंद करून टाका, थेंबही आत येता कामा नये. दुसरी अशी की, येईल ते येईल, पण त्याची जायची वाट आधी करून ठेवा. रास्त्यांच्या गवंड्यांनी दुसरी धरली. आपण कॅमेरा लावताना बहुतेक वेळा पहिली धरतो, आणि दुसऱ्या श्रावणात पडद्यावर धुकं दिसायला लागलं की कंपनीला बोल लावतो.

आता उठा. घाट चढून आळीत शिरा. मधली आळी म्हणा, ब्राह्मणशाही म्हणा, कुठलीही. दारावर, दुकानाच्या शटरवर, कुठे कुठे विजेच्या खांबावर, पांढरा नळीसारखा किंवा उलट्या वाटीसारखा कॅमेरा दिसेलच. तसं वाईला कॅमेऱ्याचं नवल नाही. ‘गंगाजल’ सिनेमा इथे झाला, ‘स्वदेस’ मेणवलीला झाला, ‘दबंग’ही इथलाच. पण ते कॅमेरे पाहुणे. शिंतोडा आला की त्यांच्यावर छत्री धरायला माणूस धावतो, आणि काम झालं की पेटीत बसून मुंबईला परत. भिंतीवरच्या या कॅमेऱ्यावर छत्री धरणारं कोणी नाही. तो चैत्रात तापतो, वैशाखात धूळ खातो, मृगात भिजतो, आणि त्याने कधी पापणी लवली तर नेमकं त्याच रात्री काहीतरी होतं.

अशा एका कॅमेऱ्याखाली उभे राहा आणि आधी भिंतीला हात लावा.

वाईत भिंती एका जातीच्या नाहीत. जोत्याला काळा पाषाण, त्यावर चुन्यातल्या किंवा मातीतल्या विटा, मधून लाकडी खांब, आणि वर कधीतरी मागाहून मारलेला सिमेंटचा गिलावा. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला, तर गिलावा विटेपासून सुटलेला आहे आणि त्याच्यात मारलेला स्क्रू हवेत मारल्यासारखा आहे. तिथे प्लॅस्टिकची गिट्टी बसते, स्क्रूही गपकन आवळला जातो, कारागीर खाली उतरतो आणि सगळं छान दिसतं. पहिल्या वादळात गिट्टी भोकातल्या भोकात फिरते. कॅमेरा पडत नाही, नुसती मान टाकतो. आठ दिवस अंगणाऐवजी पायरीचं चित्र येत राहतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून गिलावा कितीही जाड असो, स्क्रूने तो ओलांडून विटेत किंवा दगडात दोन इंच तरी शिरायला हवं. मातीच्या भिंतीत तर गिट्टीच्या नादी लागू नये. जुने वायरमन सागवानी ठोकळा भिंतीत सिमेंटने पक्का बसवत आणि त्याच्यावर काम करत. ते अजूनही चालतं. लाकडी खांब किंवा तुळई हाताशी असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. काळ्या दगडाला मात्र हातोडीवालं ड्रिल लागतं आणि धीर लागतो. भोक पाडून झाल्यावर आतली भुकटी फुंकून काढायला हवी. ती तशीच ठेवली तर गिट्टी दगडाला धरत नाही, भुकटीला धरते. ही फुंकर मारायला अर्धं मिनिट लागतं, आणि ती मारणारा माणूस दिसला की बाकीचं कामही तो नीट करणार हे मी धरून चालतो.

वजन कसं टांगावं हे पाहायचं असेल तर जवळच मेणवलीला जाऊन या. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा मिळालेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. शेकडो किलोंचा तो धातू दगडी घुमटीच्या आडोशाला आहे. आपला कॅमेरा फार तर किलोभर. पण हिशोब वजनाचा नाही, हलण्याचा आहे. वारा दिवसभर एकाच जागी बारीक बारीक हिसके देतो, आणि सैल स्क्रू थोडा थोडा करत आणखी सैल होतो. खांबावर लावलेल्या कॅमेऱ्याला हे जास्त भोगावं लागतं: खांब बोटभर डोलला तरी लांबचं दाखवणाऱ्या भिंगात माणसाचा चेहरा पुसून जातो.

जुन्या घाटावर, देवळाच्या दगडात, दीपमाळेवर मात्र भोक पाडायचंच नाही. हा नुसता भावनेचा मुद्दा नाही. साधा लोखंडी स्क्रू पाच-सहा पावसाळ्यांत गंजतो, गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट फुगतं, आणि दगडाला आतून चीर पडते. ती चीर कॅमेरा काढल्यावरही वाढतच राहते. अशा ठिकाणी शेजारच्या खांबाला स्टीलच्या पट्ट्याने कॅमेरा आवळावा. घरीसुद्धा स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. भिंतीवर गंजाचा तांबडा ओघळ दिसू लागला की समजावं, जिथे पैसे वाचवायचे नव्हते तिथे वाचवले गेले.

आता मान वर करा. कौलांच्या कडेला पागोळ्या लागल्या आहेत. त्यातल्या एका थेंबावर मन ठेवा आणि तो जाईल तिकडे त्याच्या मागून जा.

थेंब कौलाच्या टोकाला लोंबतो, जड होतो, सुटतो, कॅमेऱ्याच्या पाठीवर फुटतो. थोडं पाणी पुढे ओघळून काचेकडे जातं, थोडं मागे. मागच्याकडे लक्ष द्या, खोड्या तिकडेच होतात. कॅमेऱ्याच्या मागून शेपटीसारखी हातभर वायर निघालेली असते. थेंब तिला खालच्या अंगाने चिकटतो आणि उताराने चालू लागतो. वायर वरून खाली येत सरळ भिंतीतल्या भोकात शिरत असेल, तर थेंबही तिचं बोट धरून आत जातो. मागचे सगळे थेंब त्याच वाटेने. आतल्या खोलीत भिंतीला ओल दिसते, पोपडे सुटतात, आणि घरातले म्हणतात, छप्पर गळतंय.

तीच वायर भोकाच्या चार बोटं खाली उतरवून, तिथे वळवून, मग वर भोकात नेली असती तर? थेंब त्या झोळाच्या तळाशी येऊन थांबला असता. पुढे चढ आहे. तो जड होऊन तिथूनच खाली टपकला असता. बस, इतकंच. चार बोटं जास्तीची वायर आणि एक वळण. भोकसुद्धा आडवं सरळ पाडायचं नाही. आतून बाहेर उतरतं पाडायचं, म्हणजे चुकार पाणी बाहेरच जातं. छज्ज्याच्या खालच्या कडेला चांगला गवंडी बारीक खाच ठेवतो, ती याचसाठी: पाणी खाचेपाशी येतं, तिथे तुटतं, भिंतीपर्यंत पोचत नाही.

हा टपकणारा थेंब मनात एकदा नीट दिसू द्या. दिसला, की अर्धं काम झालं.

आता त्या शेपटीच्या टोकाशी जा. तिथे जोड असतो, नेटवर्कची किंवा वीजपुरवठ्याची पिन. कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘आयपी ६७’ छापलेलं असतं आणि विकणारा ते बोट ठेवून दाखवतो. आकडा खोटा नाही. पहिला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. दुसरा ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवला तरी बिघडणार नाही. ‘६६’ असेल तर मोठ्या नळीतून मिनिटाला १०० लिटर पाण्याचा झोत अंगावर घेण्याची परीक्षा त्याने दिलेली असते. पण ही परीक्षा कॅमेऱ्याच्या धडाची. मागचा जोड त्या परीक्षेला बसलेलाच नसतो. आपण तो जोड काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून उघड्यावर लोंबत ठेवतो. उन्हाने पट्टीचा डिंक पातळ होतो, कड सुटते, पाणी आत शिरतं, आणि मग तीच पट्टी ते पाणी बाहेर पडू देत नाही. ओल्या जोडात वीज खेळत राहते, तांब्यावर हिरवट बुरा चढतो. पुढे पाणी वायरच्या आवरणाच्या आतून, दोऱ्यात चढावं तसं, लांबवर जातं. मग नुसती पिन बदलून भागत नाही, वायरच कापावी लागते.

जोडाची जागा डब्यात. कॅमेऱ्याच्या मागे चार-पाच इंची जाड प्लॅस्टिकचा डबा बसवायचा, कॅमेरा त्याच्या झाकणावर, जोड आत. वायर डब्यात शिरते ती खालून. वरून कधीही नाही. शिरते तिथे आवळायची रबरी ग्लँड. बहुतेक डब्यांना चारही बाजूंनी भोकांच्या जागा दिलेल्या असतात आणि कारागिराला वरची सोयीची पडते, म्हणून तो ड्रिल सुरू करण्याआधीच सांगून ठेवावं.

मग येतं सिलिकॉन. हौसेने चहूकडून भरायचा मोह होतो. डब्याच्या वरच्या कडेला भरा, दोन्ही बाजूंना भरा, खालची कड मोकळी ठेवा. ऐकणाऱ्याला हे अर्धवट काम वाटतं. पण डबा श्वास घेत असतो. दुपारी तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते. संध्याकाळी सर येऊन डबा एकदम गार झाला की तो बाहेरची हवा आत ओढतो, आणि आषाढातली हवा म्हणजे निम्मं पाणीच. ते आत दवासारखं साचतं. खालची कड बंद असेल तर रोजच्या रोज थोडं थोडं साचत राहतं. बाहेरच्या डब्याला तळाशी काडीएवढं भोक ठेवलं की हा प्रश्न संपतो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या धडाला मात्र भोक पाडू नका, तो कारखान्यातच बंद केलेला असतो. सिलिकॉन घेतानाही एक बघावं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सुकताना आम्ल सोडतं आणि धातू खातं. उघड्या जोडांजवळ ते नको, बिनवासाचं मागावं.

डबा आणि सिलिकॉन सोडून पुन्हा आकाशाकडे या. पाऊस कुठून येतो आहे? वाईला तो बहुधा पश्चिमेकडून, महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूने, वाऱ्यावर बसून येतो. त्या डोंगरावरचा पाऊस म्हणजे काय, याची कल्पना हवी असेल तर २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेले २४ तास आठवा: महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर. तिथली जुनी घरं आणि दुकानं पावसाआधी कोळंब गवताच्या झडींनी बाहेरून झाकत. भिंत झडीमागे कोरडी राही आणि पाणी गवतावरून खाली उतरून जाई. कोळंबाची झड वाईत कॅमेऱ्याला बांधा असं मी म्हणणार नाही. पण घराची पश्चिमेची भिंत ती झोडपली जाणारी भिंत, हे जुन्या माणसाला सांगावं लागत नसे. जमेल तर कॅमेरा त्या भिंतीवर नको. पूर्वेच्या भिंतीवर लावला तर सकाळचं ऊन थेट डोळ्यात जातं, तेही बघावंच लागतं. म्हणून थोडं खाली झुकवून, आकाश चौकटीत कमी घेऊन.

वळचणीखाली लावला तर? चांगलंच. ऊन कमी, पाऊस कमी. फक्त फार आत सरकवू नका. का, ते दिवसा कळत नाही, म्हणून आता रात्र होऊ द्या.

आळी सामसूम झाली आहे. कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवती बारीक लाल ठिपके मंद दिसतात. त्याचा खरा प्रकाश आपल्याला दिसतच नाही. तो प्रकाश समोर फेकून कॅमेरा अंधारात बघतो. वळचणीची फळी, शेजारची भिंत, एखादी लोंबती वायर त्याच्या अगदी जवळ असेल, तर सगळा प्रकाश तिच्यावरच आपटून परत डोळ्यात येतो आणि अंगण दुधाळ, धुरकट होऊन जातं. लोक समजतात काच खराब झाली. कॅमेरा वीतभर पुढे आणला की अंगण लख्ख. काच खरंच बघायची असेल तर कोळी बघा. कॅमेऱ्याच्या उबेला चिलटं जमतात, चिलटांमागे कोळी येतो आणि नेमकं डोळ्यासमोर जाळं विणतो. पावसाचा थेंब त्या धाग्यावर लोंबकळला की पडद्यावर तो चंद्राएवढा पांढरा गोळा, वाऱ्यावर हलणारा, आणि मालकाच्या मोबाइलवर रात्रभर ‘हालचाल दिसली’ची घंटी. यावर औषध एकच, लांब काठीला मऊ फडकं. तेल, फवारा काही काचेला लावू नये.

उलट्या वाटीचा डोम कॅमेरा उघड्या पावसात मला पसंत नाही. त्याच्या काचेवर थेंब रेंगाळतात, आणि प्रत्येक थेंब प्रकाश पसरवतो. तो ओसरीत, जिन्यात शोभतो. उघड्यावर नळीचा, कपाळावर पुढे आलेली टोपी असलेला बरा.

उंचीचं म्हणाल तर नऊ-दहा फूट. हात पोचू नये आणि टोपीखालचा चेहरा मात्र दिसावा, या दोहोंमधली ती जागा आहे. दुसऱ्या मजल्यावरून सगळी आळी दिसते खरी, पण दिसतात ती डोकी. वायर बाहेरून भिंतीवर मिरवत नेली तर चोराला स्क्रूड्रायव्हरही लागत नाही, कात्री पुरते. म्हणून पाठीमागच्या डब्यातूनच भिंतीत. वाटेत बाहेर राहणारा तुकडा पाइपात घाला, आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टायने बांधू नका. ते उन्हात दोन वर्षांत ठिसूळ होऊन तुटतात. काळे टिकतात.

नदीकाठी राहणाऱ्यांनी एक जास्तीचं करावं. घराच्या भिंतीवर पुराची जुनी खूण असते, नसली तर म्हाताऱ्या माणसांना विचारावी. ज्या पेटीत रेकॉर्डिंग साठतं ती त्या खुणेच्या वर हवी. कॅमेरा दहा फुटांवर सुखरूप आणि रेकॉर्डर जिन्याखालच्या कपाटात, हा प्रकार पुष्कळ घरी आहे.

विजेचं भय मात्र पावसाळ्याआधी. वळवाच्या दिवसांत दुपारी डोंगरामागे गडगडायला लागतं तेव्हा. वीज घरावर पडायलाच हवी असं नाही. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या वायरीत झटका उठतो आणि कॅमेऱ्यापासून रेकॉर्डरपर्यंत सगळं जाळून जातो. अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेलं आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. वाड्यापासून गोठ्यापर्यंत किंवा दोन इमारतींमध्ये वायर न्यायची असेल तर फायबर न्या. फायबर म्हणजे काच, आणि काचेतून झटका जात नाही.

हे सगळं मनात एकदा फिरवून झालं की शिडीचा दिवस ठरवा. दसऱ्याआधी घर झाडायला शिडी निघतेच. खंडेनवमीला आपण कोयता, विळी, शिवणयंत्र, मोटरसायकल सगळ्यांना हळदकुंकू लावतो, मग या वर टांगलेल्या हत्यारानेच काय घोडं मारलंय. एकाने वर चढायचं, एकाने शिडी धरायची. आधी फडक्याने काच. मग डब्याचं झाकण उघडा. आत गांधीलमाशीने मातीचं घर केलं आहे का, मुंग्या आहेत का, पाहा. पावसाआधी आत ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांची पुडी ठेवली असेल तर ती आता गुलाबी पडली असेल, ती बदला. झाकणाच्या कडेचं रबर खाचेत नीट बसलं आहे ना, बोट फिरवून बघा. तिथे एक केस किंवा वाळूचा कण असला तरी तेवढ्यातून पाणी येतं. स्क्रू एकेक करून आवळा, पण ताकद लावून नव्हे, प्लॅस्टिक पिचकतं.

आणि शेवटचा स्क्रू पक्का करण्याआधी खाली उभ्या माणसाला म्हणा, मोबाइलवर चित्र लाव. आपलं दार दिसतंय? दिसतंय. फाटक? तेही. आणि समोरच्या काकूंची ओसरी? तीही दिसत असेल तर तोंड थोडं डावीकडे फिरवा, अजून थोडं, हां, आता आवळा.